बदामी, ऐहोळे, पट्टदकल: चौघांची तीन दिवसांची सहल, माणशी चार हजारांच्या आत

वेरूळचं कैलास लेणं पाहून भारावलेलं कुणी भेटलं की मी त्याला लगेच पट्टदकलला जायला सांगते. कैलास ज्याच्या धर्तीवर कोरलं गेलं असं अभ्यासक मानतात, ते विरूपाक्षाचं देऊळ तिथं, उत्तर कर्नाटकात, मलप्रभेच्या काठावर उभं आहे आणि आजही पूजेत आहे. शेजारीच ऐहोळे आहे, जिथल्या शिलालेखात महाराष्ट्राचं नाव कोरलेलं आहे. आणि बदामी, म्हणजे चालुक्यांची राजधानी वातापी. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून पस्तीसेक किलोमीटरच्या आत. सोलापूरहून रेल्वेनं निघालं तर एवढं सगळं पाच-सहा तासांवर. तरी आपल्याकडची मंडळी हंपीला जाताना वाटेत 'उरकून' येतात.

आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. दोन दिवसांत हंपी आणि बदामी दोन्ही बसवायचं ठरवलं आणि पट्टदकलला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता, फाटक बंद. कुंपणाच्या जाळीतून शिखरं तेवढी दिसली. मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो, फक्त या तीन गावांसाठी, नीट आखून. मित्रमैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच अशी सहल स्वतः आखणाऱ्यांसाठी तो सगळा क्रम इथे देते आहे.

आधी माणसं, मग तारखा

चौघं असाल तर सगळ्यांत सोयीचं. दोन खोल्या पुरतात, एका रिक्षेत मावता, गाईडचे पैसे चार ठिकाणी वाटले जातात. दोघंच असाल तर रिक्षा आणि गाईडचा खर्च दुप्पट अंगावर येतो. आठ-दहा झालात तर प्रत्येक चहाला अर्धा तास जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. एप्रिल-मेमध्ये दगड इतका तापतो की दुपारी अकरानंतर काही बघायची इच्छाच उरत नाही. पावसाळ्यात बदामीचे तांबडे कडे ओले होऊन गडद दिसतात, अक्का-तंगीचा धबधबा वाहतो. पायऱ्या निसरड्या होतात एवढं लक्षात ठेवलं तर तोही काळ सुंदरच.

तारखा धरताना दोन गोष्टी बघा. बदामी आणि ऐहोळे इथली पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. आणि पौष पौर्णिमेच्या आसपास बनशंकरीची मोठी जत्रा भरते. जत्रा बघायचीच असेल तर जरूर जा, पण मग खोली खूप आधी धरा. स्वस्तातली खोली त्या दिवसांत मिळत नाही.

पैसे एकाच्या हातात

निघण्याआधी प्रत्येकानं एकतीसशे रुपये एकाकडे जमा करायचे आणि सहलभर सगळा खर्च त्यातूनच करायचा. रेल्वेचं तिकीट ज्यानं त्यानं आधीच काढलेलं असतं. खजिनदारानं रोज रात्री मोबाईलवर हिशेब टाकायचा, बस. 'हे मी देतो, ते तू दे' असं चालू ठेवलं की तिसऱ्या दिवशी कुणालाच काही आठवत नाही आणि चांगल्या मैत्रीत उगाच खडा पडतो.

आमचा माणशी हिशेब असा होता: पुण्याहून येण्याजाण्याचं स्लीपरचं तिकीट सुमारे ७००, दोन रात्रींची राहण्याची वाटणी १०००, तीन दिवसांचं खाणं ९००, दुसऱ्या दिवशीची रिक्षा ४५०, गाईड दोन वेळा मिळून ३५०, प्रवेश तिकिटं १००, आणि किरकोळ ३०० (गावातल्या रिक्षा, चहा, पाणी). एकूण ३८००. तुम्ही जाल तेव्हा आकडे थोडे हलतील, पण हे प्रमाण फारसं बदलणार नाही. काटकसर राहण्यात करा, गाईडमध्ये करू नका.

तिकिटं मुळातच स्वस्त आहेत. पट्टदकल जागतिक वारसा स्थळ आहे, तिथं भारतीयांना ४० रुपये. बदामीच्या लेण्यांना आणि ऐहोळेच्या मुख्य आवाराला २५. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. फोटो मोबाईलनं हवे तेवढे काढा, ट्रायपॉड मात्र घरीच ठेवा, त्याला वेगळी परवानगी लागते.

जायचं कसं

मुंबईहून पुणे, सोलापूर, विजयपूर, बागलकोट करत गदगच्या दिशेनं रात्रीची गाडी जाते, ती बदामीला थांबते. आरक्षण सुटल्या सुटल्या काढा, कारण या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. सोलापूर-गदग मार्गावरच्या इतर गाड्याही बघून ठेवा. सोलापूरपर्यंत एक आणि तिथून दुसरी, असंही जमतं. कोल्हापूर-सांगलीकरांना बेळगाव किंवा हुबळीपर्यंत येऊन तिथून बस धरणं सोपं. हुबळी ते बदामी शंभरेक किलोमीटर.

बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे, हे माहीत नसलेली माणसं उतरल्यावर गोंधळतात. बाहेर रिक्षा आणि टमटम उभ्या असतात. चौघांनी मिळून एक करा, बसस्टँडपर्यंत सांगा.

कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास फुकट असतो, हे ऐकून आम्ही दोघी खूश होतो. कंडक्टरनं ओळखपत्र मागितलं. ती सवलत कर्नाटकात राहणाऱ्यांनाच आहे. तेव्हा तिकिटाचे सुटे पैसे हातात ठेवा.

राहायचं कुठं

तिन्ही गावांत मुक्काम फक्त बदामीत करा. ऐहोळे आणि पट्टदकल ही लहान खेडी आहेत, राहण्या-जेवणाची सोय तुटपुंजी. बदामीत बसस्टँडच्या रस्त्याला साधे लॉज ओळीनं आहेत. लेण्यांपर्यंत तिथून चालत जाता येतं. आम्हांला दोघांची खोली १००० रुपयांत मिळाली. पैसे देण्याआधी खोली बघा, गरम पाणी किती वाजता येतं ते विचारा आणि रस्त्याकडेची नको म्हणून सांगा. पहाटे पाचपासून बसचे भोंगे सुरू होतात.

पहिला दिवस: बदामी

सामान टाका, जेवा आणि उन्हं जरा कलली की लेण्यांकडे निघा. तिकीटखिडकीपाशी ओळखपत्र लावलेले गाईड असतात. दर आणि भाषा आधी ठरवा. हिंदी सगळ्यांना येते, थोडं मराठी समजणारेही भेटतात.

हातात खाण्याची पिशवी नको. इथली माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. आमच्या एका मित्राच्या हातातला बिस्किटाचा पुडा पायरीवरच गेला, आणि तो ओढून परत घ्यायला गेला असता तर चावा निश्चित होता. पाण्याची बाटलीसुद्धा सॅकच्या आत.

चार लेणी आहेत, एकावर एक चढत जाणारी. पहिलं शिवाचं, दुसरं-तिसरं विष्णूचं, चौथं जैन. पहिल्याच्या बाहेर उजवीकडे अठरा हातांचा नटराज आहे. बहुतेक जण त्याच्यासमोर फोटो काढून पुढे सरकतात. तुम्ही डावीकडच्या द्वारपालाच्या पायाशीही बघा. नंदी आणि हत्ती यांचं एकच डोकं कोरलंय. हातानं अर्धा भाग झाकला तर नंदी, दुसरा झाकला तर हत्ती. चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिरानं केलेली ही गंमत बघून आम्ही चौघं तिथंच बराच वेळ रेंगाळलो.

तिसरं लेणं सर्वांत मोठं. शेषाच्या वेटोळ्यांवर बसलेला विष्णू, वराह, नरसिंह, त्रिविक्रम, सगळे माणसाहून उंच. इथला चालुक्य राजपुत्र मंगलेशाचा लेख शक ५००चा, म्हणजे इसवी सन ५७८चा आहे. हा लेख फार मोलाचा, कारण त्यामुळे या लेण्याचं वय अंदाजानं सांगावं लागत नाही. आता मान वर करा. खांबांच्या माथ्यावर, छताला टेकू दिल्यासारख्या, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. कुठे ती त्याच्या खांद्यावर रेलली आहे, कुठे झाडाखाली दोघं उभी आहेत. प्रत्येक जोडी निराळी. छताच्या कडेला जुन्या रंगाचे ठिपकेही अजून तग धरून आहेत. या एका लेण्याला पाऊण तास द्या.

खाली उतरून अगस्त्य तळ्याच्या काठानं भूतनाथाच्या देवळापर्यंत चालत जा. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत आजी अगस्तीचा श्लोक म्हणायची, 'आतापी भक्षितो येन वातापी च महाबलः'. तोच हा वातापी आणि तोच अगस्ती. संध्याकाळी समोरच्या कड्यांवर ऊन पडतं आणि सगळा दगड पेटल्यासारखा लाल होतो. देवळाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथं बसा. गावातल्या बायका धुणं आवरून चाललेल्या असतात. अंधार पडायच्या आत परत फिरा, वाटेवर दिवे फार नाहीत.

तळ्याकाठच्या कड्यावर कप्पे अरभट्टाचा लेख आहे, साधारण सातव्या शतकाच्या अखेरचा. कन्नडमधली त्रिपदी, म्हणजे तीन चरणांचा छंद, त्यात सापडते. चांगल्याला चांगला, गोडाला गोड, पण छळणाऱ्याला कलियुगासारखा उलटा, असं त्या वीराचं वर्णन. गाईडकडून ते मोठ्यानं म्हणवून घ्या. अर्थ कळला नाही तरी ठेका कळतो.

दुसरा दिवस: आधी ऐहोळे, मग पट्टदकल

पट्टदकल बदामीहून सुमारे २२ किलोमीटरवर, ऐहोळे तिथून आणखी चौदाएक. जवळचं आधी म्हणून बहुतेक रिक्षावाले पट्टदकलला थांबवतात. थांबू नका. सरळ ऐहोळेला जा आणि परतताना पट्टदकल करा. ऐहोळेतली सगळी देवळं जुनी आणि पट्टदकलची सगळी नंतरची, असा सरधोपट हिशेब नाही. पण ऐहोळेत देवळाचा आकार शोधण्याची धडपड दिसते आणि पट्टदकलला ती पूर्ण झालेली दिसते. उलट क्रमानं गेलात तर ऐहोळे फिकं वाटेल, आणि तो ऐहोळेवर अन्याय आहे.

बसही आहेत. पट्टदकलपर्यंत बऱ्यापैकी मिळतात, पुढे ऐहोळेला कमी. अगदीच कमी खर्चात करायचं तर पहाटेची बस धरा आणि उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस कंडक्टरलाच विचारून घ्या. चौघं असाल तर दिवसभराची रिक्षा ठरवणं मला बरं वाटतं. ठरवताना ऐहोळे, मेगुती टेकडी, पट्टदकल आणि महाकूट अशी चारही नावं घ्या, थांबण्याचे पैसे धरूनच बोला. आम्ही १८०० ला ठरवली.

ऐहोळेत पहिलं दुर्ग मंदिर. नावावरून देवी वाटते, पण दुर्ग म्हणजे किल्ला. किल्ल्याच्या भिंतीला लागून होतं म्हणून हे नाव. मागची बाजू गोलाकार, भोवती खांबांची प्रदक्षिणा. शेजारचं लाडखान मंदिर नीट बघा. तिथं पूर्वी कुणी लाडखान नावाचा माणूस राहायचा, त्याचंच नाव देवळाला चिकटलं. छपरावरच्या दगडी फरशांच्या सांध्यांवर लांब दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, जशा लाकडी छपरावर फळ्यांच्या फटींवर बसवाव्यात तशा. लाकडात काम करणारे हात दगडाकडे वळले, ते तुम्हांला या छपरावर अगदी उघड दिसतं.

मग रावणफडीचं लेणं, आणि तिथून मेगुती टेकडी. ऊन चढायच्या आत चढा. वरचं जैन मंदिर बाहेरून साधंच आहे आणि दमलेली मंडळी 'काही नाही यात' म्हणून उतरतात. या देवळाच्या पूर्वेच्या भिंतीवर रविकीर्तीचा लेख आहे, शक ५५६, म्हणजे इसवी सन ६३४. भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षं झाली, असंही तो सांगतो. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची ही प्रशस्ती: उत्तरेतल्या हर्ष राजाचा हर्ष त्यानं कसा घालवला ते यात आहे, आणि तो '९९ हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा' स्वामी झाला हेही. शेवटी कवी स्वतःची कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या बरोबरीची म्हणून सांगतो. कालिदासाचा काळ ठरवताना अभ्यासक या एका ओळीचा आधार घेतात.

अक्षरं जुन्या कन्नड वळणाची आहेत, आपल्याला वाचता येत नाहीत. म्हणून मी जाताना संस्कृत ओळी देवनागरीत लिहून नेल्या होत्या. भिंतीसमोर उभं राहून 'महाराष्ट्रकाणाम्' एवढा शब्द चौघांनी मिळून वाचला. वारा जोरात होता, खाली गावातली देवळं खेळण्यासारखी दिसत होती. माझ्या बरोबरचा मित्र, जो एरवी जुन्या दगडांना कंटाळतो, तोच सर्वांत शेवटी उतरला.

पट्टदकलला पोचायला दुपारचे दोन-अडीच झाले तरी चालतील. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. नावाप्रमाणे हे राज्याभिषेकाचं ठिकाण. एकाच हिरवळीवर उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड अशी दोन्ही वळणांची शिखरं शेजारी-शेजारी उभी आहेत. गलगनाथ आणि विरूपाक्ष यांच्या शिखरांकडे आळीपाळीनं बघा, फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

विरूपाक्ष लोकमहादेवी राणीनं बांधवलं, साधारण इसवी सन ७४० मध्ये. तिचा नवरा, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य, यानं कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची ही आठवण. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी, ६४२ मध्ये, पल्लवांनी वातापी जिंकली होती. त्या सगळ्याची परतफेड करायची संधी विक्रमादित्याला कांचीत मिळाली होती. त्यानं तिथलं कैलासनाथाचं देऊळ मोडलं नाही, उलट त्याचं धन देवाला परत दिलं आणि तसा कन्नड लेख तिथल्या खांबावर कोरवला. आणि घरी येऊन त्याच्या राणीनं हे देऊळ उभारलं. पट्टदकलच्या लेखात स्थपतीचं नावही आहे, गुंड. राजांची नावं सगळीकडे असतात, बांधणाऱ्याचं नाव क्वचित सापडतं.

आतले खांब सावकाश बघा. रामायण-महाभारताचे प्रसंग बोटभर उंचीच्या आकृत्यांत कोरले आहेत. इथं चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवारातला दगड दुपारी भाजतो, तेव्हा सॅकमध्ये जाड मोजे टाकून न्या. सगळ्या सहलीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तीच.

महाकूट परतीच्या वाटेवर आहे. वेळ उरला तर थांबा: झाडीत लपलेली देवळं, मधे झऱ्याच्या पाण्याचं कुंड, त्यात गावची पोरं सूर मारत असतात.

जेवण आणि दोन-चार शब्द

बदामीत 'खानावळी' अशी पाटी दिसली की आत शिरा. शब्द आपलाच आहे आणि ताटही सोलापूरकरांना परकं वाटणार नाही: ज्वारीची भाकरी (तिथं रोट्टी, मऊ की कडक ते विचारतात), एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, कच्चा कांदा, ताक. पोटभर जेवण स्वस्तात होतं, उपाहारगृहातल्या पंजाबी भाज्यांवर पैसे घालवू नका.

हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे म्हातारी माणसं मराठी ऐकून ओळखीचं हसतात. तरी थोडं कन्नड जिभेवर असू द्या. एष्टु म्हणजे किती, एल्लि म्हणजे कुठे, नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको. रिक्षावाल्याला 'अण्णा, एष्टु?' म्हटलं की बोलणंच निराळ्या सुरात सुरू होतं. खेड्यात सगळीकडे मोबाईलवरून पैसे जातीलच असं नाही, माणशी पाचशेची सुटी रोकड ठेवा.

तिसरा दिवस: किल्ला आणि बनशंकरी

सकाळी लवकर संग्रहालयाच्या बाजूनं उत्तरेचा किल्ला चढा. वाट दोन उंच तांबड्या कड्यांमधल्या अरुंद घळीतून जाते. वर शिवालयं, धान्याची कोठारं, आणि समोर तळ्यापलीकडे काल पाहिलेली लेणी. पहिल्या पुलकेशीनं हा किल्ला ५४३ मध्ये बांधल्याचा लेख इथल्याच कातळावर आहे. उतरल्यावर संग्रहालय, अर्धा तास पुरे.

मग खोली सोडा, सामान लॉजच्या काउंटरवर ठेवा आणि पाच किलोमीटरवर बनशंकरीला जा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता; आमच्यातल्या एकीच्या आईनं ओटीचं सामान बांधूनच दिलं होतं. दर्शन घेऊन बाहेर आलात की हरिद्रा तीर्थाच्या काठी डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका दिसतील. टोपलीत फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, दोन-तीन चटण्या, उसळ, आणि मातीच्या लहान लहान मडक्यांत लावलेलं दही. झाडाखाली पान मांडून वाढतात. दही चमच्यानं खरवडून काढावं लागतं इतकं घट्ट, आणि मडक्याचा ओला वास त्याला लागलेला असतो.

जेवून झाल्यावर त्यांच्याकडूनच कडक रोट्ट्या आणि शेंगाचटणी बांधून घ्या. त्या आठवडाभर टिकतात. स्टेशनवर जेवणाची सोय फारशी नाही आणि गाडी सोलापूरला पोचेपर्यंत भूक लागतेच.